घंटा वाजल्यानंतर

गेल्या दिवाळीत साताऱ्याला आईच्या देवघरासमोर बसून मी तासभर काही न बोलता नुसती बघत राहिले. आईचं वय 74. रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर डॉक्टरांनी तिला रोज दहा मिनिटं शांत बसून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं होतं. मी तिच्या फोनवर ध्यानाचं एक अ‍ॅप उतरवून दिलं आणि फोन तिच्या हातात ठेवला. माझं कामच अ‍ॅपच्या स्क्रीन आखण्याचं. वापरणाऱ्याला मदत न करता, मध्ये न बोलता त्याचा हात कुठे अडतो हे टिपून घ्यायचं, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. आईच्या बाबतीत तो पाळणं फार जड गेलं.

डोळे मिटायच्या आधीच तिला पाच प्रश्नांची उत्तरं द्यावी लागली. तुम्ही इथे का आलात, झोप कशी लागते, ईमेल काय, आठवण करून देऊ का, आणि सात दिवस फुकट हवे असतील तर कार्डाचा नंबर. दर वेळी चष्मा वर-खाली. अखेर आवाज सुरू झाला. चौथ्या मिनिटाला स्क्रीन विझली, आणि बॅटरी वाचवण्याच्या नादात फोनने अ‍ॅपच बंद केलं. आवाज थांबला. आईला वाटलं, हीच ती शांतता. ती बराच वेळ तशीच बसून राहिली, मग एक डोळा किलकिला करून म्हणाली, “संपलं का गं?” दुसऱ्यांदा मात्र दहा मिनिटं पुरी झाली. घंटा वाजली. तिने डोळे उघडले तर समोर चांदण्या पडत होत्या, ‘पहिला दिवस पूर्ण!’ अशी पाटी होती, मित्रांना कळवा असं बटण होतं आणि त्याखाली वर्षभराची वर्गणी. आईने फोन पालथा ठेवला. “अगं, जप झाल्यावर कुणी टाळ्या वाजवतं का?”

त्या वाक्याने माझा पिच्छा सोडला नाही. गेले काही महिने मी ध्यानाची मिळतील तेवढी अ‍ॅप वापरून पाहिली आणि त्यांच्यावरचं संशोधन जमेल तेवढं वाचलं. त्यावरून माझं एक मत पक्कं झालं. ध्यानाच्या अ‍ॅपची खरी परीक्षा डोळे उघडल्यावर समोर येणाऱ्या स्क्रीनवर होते. आणि सगळ्यांत कमी विचार झालेली स्क्रीन नेमकी तीच आहे.

या अ‍ॅपांचा इतिहास लहान आहे. इनसाइट टाइमर 2009 च्या सुमारास आलं तेव्हा ते नावाप्रमाणे फक्त घड्याळ होतं. किती मिनिटं बसायचं ते सांगा, सुरुवातीला आणि शेवटी घंटा वाजेल. 2010 मध्ये लंडनला अँडी पुडिकोम्ब आणि रिचर्ड पिअर्सन यांनी हेडस्पेस सुरू केलं. पुडिकोम्ब आधी बौद्ध भिक्खू होते, पिअर्सन जाहिरातीच्या क्षेत्रातून आलेले. सुरुवातीला ते लोकांना एकत्र जमवून कार्यक्रम घेत, अ‍ॅप आलं 2012 मध्ये. त्याच वर्षी मायकेल अ‍ॅक्टन स्मिथ आणि अ‍ॅलेक्स ट्यू यांनी ‘काम’ (Calm) हे अ‍ॅप सुरू केलं. ट्यू यांनी त्याआधी दोन मिनिटं काहीच करू नका असं सांगणारं एक पान केलं होतं. समुद्राचं चित्र, लाटांचा आवाज, आणि माउसला हात लावलात की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मला हे पान अजूनही फार मोलाचं वाटतं. त्यात विकायला काहीच नव्हतं, आणि वापरणाऱ्याने काय करू नये एवढंच त्या आखणीने नेमकं पकडलं होतं.

या अ‍ॅपांचे रस्ते पुढे वेगळे झाले. हेडस्पेसने नारिंगी गोल आणि गोलमटोल चित्रं घेऊन ध्यानाभोवतीचं गूढ काढून टाकलं. मन म्हणजे रस्ता, विचार म्हणजे येणारी-जाणारी वाहनं, हे त्यांचं चलच्चित्र पाहिलेला माणूस डोळे मिटण्याआधीच अर्धा सैल झालेला असतो. ‘काम’ने 2016 मध्ये झोपेच्या गोष्टी आणल्या, मोठ्यांसाठी अंगाईसारख्या. पुढे स्टीफन फ्राय यांच्यासारख्या नटांचे आवाजही त्यात आले. आखणीच्या दृष्टीने हा मोठा बदल होता, कारण इथे यश म्हणजे वापरणारा मध्येच झोपून जाणं. शेवटची स्क्रीन त्याने पाहिलीच नाही तर काम फत्ते. बुद्धीफाय हे 2011 मधलं रोहन गुणतिलके यांचं अ‍ॅप. त्यांनी बैठकच सोडून दिली. रंगीत चाकावर तुम्ही आत्ता काय करताय ते निवडायचं: चालताय, प्रवासात आहात, झोप येत नाही. आणि पैसे एकदाच द्यायचे.

एक गोष्ट मात्र या साऱ्यांच्या आधी इगतपुरीला घडून गेली होती. धम्मगिरीचं केंद्र सत्यनारायण गोएंका यांच्या प्रेरणेने 1976 मध्ये उभं राहिलं. दहा दिवसांची शिबिरं जगभर वाढत गेली तेव्हा गोएंका सगळीकडे हजर राहू शकत नव्हते, म्हणून शिबिरं त्यांच्या ध्वनिमुद्रित आवाजावर चालू लागली. सहायक आचार्य समोर बसतात, शिकवणारा आवाज टेपवरून येतो. 2013 मध्ये गोएंका गेले, आवाज तसाच चालू आहे. डोळे मिटलेल्या माणसाला रेकॉर्ड केलेल्या आवाजाने वाट दाखवायची, ही आजच्या प्रत्येक ध्यान-अ‍ॅपची मूळ कल्पना नाशिक जिल्ह्यातल्या त्या टेकडीवर स्मार्टफोनच्या कितीतरी आधी रुळली होती. फरक भोवतालच्या व्यवस्थेचा. तिथे फोन आधीच जमा करून घेतात. पहाटे चारला घंटा होते, पहिले तीन दिवस फक्त श्वास, बोलणं बंद, आणि दुपारी आचार्यांना एकट्याने भेटून शंका विचारता येते. शिबिराला फी नाही. जुन्या साधकांच्या दानावर नव्यांचा खर्च चालतो. अ‍ॅपने यातला आवाज तेवढा उचलला.

त्या आवाजाबद्दल थोडं थांबून सांगते, कारण डोळे मिटल्यावर अ‍ॅप म्हणजे आवाजच असतो. रंग, चित्रं, अक्षरं सगळी तिथे संपतात. उरतो तो वेग, दोन वाक्यांमधली जागा आणि शब्द. मराठीत आलेली बहुतेक गाइडेड मेडिटेशनं इथेच मार खातात, कारण ती इंग्रजी संहितेवरून उतरवलेली असतात. ‘स्वतःशी दयाळू राहा’ असं ऐकल्यावर मराठी माणसाचं लक्ष श्वासावरून उडून त्या वाक्यावर जातं. आपण म्हणतो, स्वतःला बोल लावू नका. ‘शरीर स्कॅन करा’ म्हटलं की रेडिओलॉजीची खोली आठवते. याउलट गल्लीतल्या योगवर्गात शवासन घेताना बाई काय म्हणतात ते ऐका: “उजव्या पायाचा अंगठा. घोटा. पोटरी. सैल सोडा.” ‘सैल सोडा’ या दोन शब्दांत जे काम होतं ते करायला भाषांतरित संहितेला चार वाक्यं लागतात. लोणावळ्याचं कैवल्यधाम 1924 पासून योग शिकवतंय, गावोगावच्या वर्गांतून दोन-तीन पिढ्या तयार झाल्यात. मराठीत ध्यान सांगायची भाषा तयार आहे, ती नव्याने घडवायची गरज नाही. अ‍ॅप करणाऱ्याने फक्त एखाद्या वर्गात सतरंजी टाकून पडून राहावं.

तू, तुम्ही की आपण, हा प्रश्नही वाटतो तेवढा किरकोळ नाही. इंग्रजीत एका शब्दात भागतं. मराठीत ‘डोळे मिट’ म्हणणारा अनोळखी आवाज आईला उद्धट वाटेल, ‘आपण आपले डोळे मिटावेत’ हे सभेतल्या सूचनेसारखं लागेल. ‘डोळे मिटून घ्या’ यात आदर आहे आणि घाई नाही. तो ‘घ्या’ काढला तर हुकूम होतो. एका क्रियापदावर माणूस सैल होतो किंवा ताठ होतो, आणि हे ठरवायला ज्याच्या कानात मराठी आहे असा माणूसच लागतो.

आवाजाखेरीज डोळे मिटलेल्याशी बोलायचा आणखी एक मार्ग म्हणजे स्पर्श. 2016 मध्ये अ‍ॅपलच्या घड्याळात श्वासाचं एक छोटं अ‍ॅप आलं. श्वास घेताना स्क्रीनवर फूल उमलतं, आणि त्याच लयीत मनगटावर हलके टकटक होतं. फूल बघायची गरज नाही, मनगट सांगतं. मला हे सगळ्यांत सरस डिझाइन वाटतं, कारण त्याने डोळ्यांना मोकळं सोडलं.

आईकडे याच कामाचं साधन चाळीस वर्षं आहे. तुळशीची माळ, 108 मणी. एक मणी बोटाखालून सरकला की एक नाम झालं. मेरुमणी बोटाला लागला की तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून उलट यायचं. मोजणी पूर्णपणे बोटांच्या टोकांवर, डोळ्यांचं काही काम नाही. शिवाय ही माळ गोमुखीत असते. गोमुखी म्हणजे गाईच्या तोंडासारख्या आकाराची कापडी पिशवी, हात आत घालून जप करायचा. लहानपणी मी विचारायचे, माळ लपवतेस कशाला? आई म्हणायची, “कुणी मोजू नये, आणि आपणही किती झाले ते बघत बसू नये.” मोजणी असावी, पण ती मोजणाऱ्याच्याही डोळ्यांआड असावी, एवढा विचार त्या पिशवीच्या शिवणीत आहे. आज ‘सलग 47 दिवस’ असा आकडा मोठ्या अक्षरांत दाखवणारी अ‍ॅप याच्या नेमकी उलट चालतात.

या सलग दिवसांच्या साखळीला आमच्या व्यवसायात स्ट्रीक म्हणतात. माणूस परत यावा म्हणून ती असते, आणि तिच्यामागची कंपन्यांची काळजी खोटी नाही. 2019 मध्ये अमित बाउमेल आणि सहकाऱ्यांनी मानसिक आरोग्याच्या 93 अ‍ॅपच्या प्रत्यक्ष वापराच्या नोंदी तपासल्या. अ‍ॅप उतरवल्यावर पंधराव्या दिवशी ते उघडणाऱ्यांचं मध्यक प्रमाण 3.9 टक्के निघालं, तिसाव्या दिवशी 3.3 टक्के. शंभर जणांनी उतरवलं तर महिन्याने तिघं-चौघं. असे आकडे समोर असताना कोणीही साखळी, चांदण्या आणि आठवणींचे संदेश लावेल.

पण आपल्याकडे याला जुना शब्द आहे: नेम. हरिपाठाचा नेम, एकादशीचा नेम. नेम हाही रोजचाच, त्यालाही सातत्याचं मोल आहे. मात्र नेमात खंडाची सोय धरलेली असते. सुतक आलं, बाळंतपण आलं, अंगात ताप भरला तर नेम थांबतो किंवा घरातलं दुसरं कोणी तो चालवतं, आणि नंतर माणूस पुन्हा बसतो. मागच्या खंडाची नोंद कुठे राहत नाही. स्ट्रीकमध्ये एक दिवस चुकला की 47 चा शून्य होतो. ड्युओलिंगोसारख्या भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅपने यावर ‘स्ट्रीक फ्रीझ’ काढलं, एखादा दिवस चुकला तरी साखळी न तुटण्याची सवलत. भाषेच्या बाबतीत ते चालून जाईल. बापाच्या आजारपणात चार रात्री दवाखान्यात काढून आलेल्या माणसाला ध्यानाच्या अ‍ॅपने शून्य दाखवावा, हे मला कुठल्याही कारणाने पटत नाही. त्या दिवशी त्याला बसण्याची सगळ्यांत जास्त गरज असते.

शिवाय किती जण टिकले याच्या आकड्याला एक गोष्ट कळतच नाही. अ‍ॅप सोडून गेलेला आणि अ‍ॅपकडून शिकून गेलेला, दोघं त्याला सारखेच दिसतात. दोन महिने आवाजाच्या आधाराने बसायला शिकून पुढे नुसत्या खिडकीपाशी बसणारी बाई त्या तक्त्यात ‘गमावलेली ग्राहक’ ठरते. सायकल शिकवताना मागचा हात कधी काढायचा हे शिकवणाऱ्याला माहीत असतं. वर्गणीवर चालणाऱ्या अ‍ॅपला हात काढणं परवडत नाही. म्हणून पैसा कुठून येतो हा प्रश्न डिझाइनचाच आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातले मेंदूशास्त्रज्ञ रिचर्ड डेव्हिडसन यांच्या संस्थेचं हेल्दी माइंड्स प्रोग्रॅम फुकट आहे, बौद्ध भिक्खू थिक नात हान यांच्या परंपरेतलं प्लम व्हिलेजचं अ‍ॅपही फुकट आहे. लेखक सॅम हॅरिस यांचं वेकिंग अप वर्गणीचं आहे, पण परवडत नाही असं कळवलं तर फुकट देतात. या अ‍ॅपांत बैठक संपल्यावरची गर्दी मला कमी जाणवली. ज्यांना विकायचं नाही, त्यांना घंटेनंतर बोलायचंही फारसं नसतं.

भारतात कायद्यानेही इथे हात घातलाय, हे फार जणांना माहीत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी डार्क पॅटर्नविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि ग्राहकाला फसवणाऱ्या आखणीचे 13 प्रकार नावानिशी सांगितले. वर्गणीचा सापळा हा त्यातला एक. फुकटच्या वर्गणीसाठी कार्डाचा तपशील किंवा आपोआप पैसे कापायची परवानगी सक्तीने मागणं हेही त्यात स्पष्ट येतं. आईच्या पाचव्या प्रश्नाची जागा इथे आहे. नकार देणाऱ्याला लाजवणं, सतत टुमणं लावणं, हेही यादीत आहे. ‘नको, मला तणावातच राहायचंय’ अशा अर्थाचं नकाराचं बटण मी स्वतः पाहिलंय. घाबरलेल्या, झोप उडालेल्या माणसापुढे असं बटण ठेवणं ही क्रूर गोष्ट आहे.

गोपनीयतेचं थोडक्यात. ‘झोप येत नाही’, ‘भीती वाटते’ ही उत्तरं म्हणजे आरोग्याची माहिती असते. अमेरिकेत 2023 मध्ये बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशनाच्या कंपनीवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली. ग्राहकांची अशीच माहिती जाहिरातीसाठी फेसबुक, स्नॅपचॅटसारख्यांना दिल्याचा आरोप होता, आणि 78 लाख डॉलर भरायची वेळ आली. ध्यानाच्या अ‍ॅपने पहिल्या दिवशी काहीच विचारू नये, हा मला दिसणारा साधा उपाय. विचारल्याशिवाय दहा मिनिटं श्वास घेता येतो.

आता फायद्याचं आणि धोक्याचं. 2014 मध्ये माधव गोयल आणि सहकाऱ्यांनी 47 चाचण्यांचा, एकूण 3,515 जणांचा आढावा घेतला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाने मध्यम दर्जाच्या पुराव्यानिशी थोडी सुधारणा दिसली. म्हणजे उपयोग आहे, चमत्कार नाही. 2020 मध्ये मिगेल फारियास यांच्या गटाने 83 अभ्यास चाळले, आणि ध्यान करणाऱ्यांपैकी सुमारे 8.3 टक्क्यांना काही ना काही त्रास झाल्याचं मांडलं. अस्वस्थता आणि खिन्नता त्यात पुढे होती. इगतपुरीच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल आधीच विचारतात आणि त्रास झाला तर आचार्य जवळ असतात. अ‍ॅपमध्ये रात्री दोन वाजता छातीत धडधडायला लागलेला माणूस एकटा असतो, आणि आवाज मात्र शांतपणे सांगत राहतो की आता पोटाकडे लक्ष न्या.

अशा माणसाला सांभाळायला फार मोठं तंत्र लागत नाही. स्क्रीनवर कुठेही बोट टेकलं तरी आवाज थांबला पाहिजे, बटण शोधावं लागता कामा नये. सुरुवातीलाच सांगावं की डोळे उघडे ठेवूनही बसता येतं, आणि नको वाटलं तर उठणं हेही बरोबरच आहे. थांबल्यावर कारण विचारू नये. शोधावी लागणार नाही अशी एखादी ओळ असावी: बोलावंसं वाटलं तर 14416. सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर 2022 पासून या नंबरवर आहे.

अशा बारीक गोष्टींवरच सारं उभं आहे. मध्येच फोन आला तर आवाज थांबावा, आणि बोलणं झाल्यावर आपोआप, मोठ्याने पुन्हा सुरू होऊ नये. इअरफोन निघाला तर लोकलच्या डब्यात ‘खोल श्वास घ्या’ ऐकू जाऊ नये. स्वस्त अँड्रॉइड फोन मागे चाललेली अ‍ॅप मारून टाकतात, म्हणून घंटेची वेळ फोनच्या अलार्मच्याच यंत्रणेकडे सोपवावी, म्हणजे अ‍ॅप मेलं तरी घंटा वाजेल. देवनागरीला ओळींमध्ये जास्त जागा द्यावी, नाहीतर वेलांट्या छाटल्या जातात आणि ‘सुरू करा’चा उकार ओळखू येत नाही. अंधाऱ्या निळ्यावर फिकट राखाडी अक्षरं दिसायला शांत वाटतात. मोतीबिंदू झालेल्याला मात्र ती दिसतच नाहीत.

आणि घंटा. ती एकदाच वाजावी, विरत जावी, आणि त्यानंतर निदान मिनिटभर स्क्रीनवर काही येऊ नये. बैठक संपते तेव्हा माणूस लगेच परत आलेला नसतो. कान आधी येतात, मग पाठ, मग पाय, डोळे सर्वांत शेवटी. त्या वेळी समोर काळी स्क्रीन असेल तर तो आणखी थोडं थांबतो. समोर चांदण्या असतील तर तो फोनमध्ये पोचतो, आणि फोनमध्ये पोचलेला माणूस पुढच्या दहा सेकंदांत व्हॉट्सअ‍ॅपवर असतो. दहा मिनिटांची कमाई तिथेच जाते. आकडे हवेत त्याला ते संध्याकाळी, मागितल्यावर दाखवता येतील.

आईच्या फोनमधलं ते अ‍ॅप मी तिसऱ्या दिवशी काढलं, आधी वर्गणी रद्द करून. ती रद्द करायला आठ स्क्रीन लागल्या. त्याजागी घंटेचा एक साधा टायमर ठेवला आणि बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला सूट देऊन आले. गेल्या महिन्यात पुन्हा गेले तेव्हा पहाटे स्वयंपाकघरातून बघत होते. फोन चौरंगाखाली पालथा होता. घंटा झाली, तिचा नाद पितळी समईजवळ थोडा वेळ रेंगाळला. आई हलली नाही. गॅसवर चहाचं आधण उकळून निम्मं झालं, मी गॅस बारीक केला. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले, गोमुखी खुंटीला लावली आणि मला विचारलं, “दूध आलं का गं?”